नवीन तलंगा जुन्या कोंबड्यांत कशा सोडायच्या

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की हा प्रश्न हमखास सुरू होतो. कुणी आठवडी बाजारातून चार-पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणलेल्या असतात, कुणाला पशुसंवर्धनच्या योजनेतून गट मिळालेला असतो, आणि घरी आधीच्या आठ-दहा कोंबड्या आहेतच. मग होतं काय, संध्याकाळी पिशवीतून काढून नवीन पोरी थेट खुराड्यात कोंबल्या जातात, "राहतील आपोआप" म्हणत दाराला कडी लावली जाते, आणि सकाळी दार उघडलं की एकीच्या डोक्याची सालटं निघालेली, दुसरी अंडी घालायच्या टोपलीत तोंड खुपसून बसलेली, आणि जुन्या मात्र मजेत दाणे टिपतायत.

तर आधी एक गोष्ट नक्की करून घ्या, भांडणं होणारच. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला चोच मारायची आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचं हे ठरलेलं असतं, दाण्यावर पहिली कोण, दांडीवर वरची जागा कोणाची, टोपलीत आधी कोण बसणार, सगळं. नॉर्वेच्या थोर्लैफ शेल्डरूप-एब्बे नावाच्या माणसाने लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघून बघून टिपणं काढली आणि १९२१-२२ च्या सुमारास हे शास्त्रात मांडलं, त्यालाच सगळे पेकिंग ऑर्डर म्हणतात. आपल्या आज्यांना तेवढं बघायला नॉर्वे लागलं नाही, "ती भुरी सगळ्यांवर मुकादमकी करते" हे त्या चुलीपाशी बसून सांगायच्या. तर नवीन कोंबडी आली की ही अख्खी रांग परत लावावी लागते आणि ती चोचीनेच लागते, तुम्ही काठी घेऊन मध्ये उभे राहिलात तर फक्त पुढे ढकलली जाते, तुमची पाठ वळली की परत तेच. आपल्या हातात काय आहे, तर जी हरेल तिला पळायला जागा असली पाहिजे आणि पळून गेल्यावर तिथे तिला खायला-प्यायला मिळालं पाहिजे. पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच्याभोवतीच आहे.

याच हिशोबाने जुन्या पद्धतीही तपासून बघा. नवीन कोंबडी आणली की पायाला सुतळी बांधून ओसरीच्या खांबाला अडकवून ठेवायची, घर ओळखते, पळून जात नाही, हे अजून खूप ठिकाणी चालतं. पण घरच्या कोंबड्या मोकळ्या आणि ही बांधलेली म्हणजे तिने पळायचं कुठे? सुतळीच्या टोकापर्यंत जाते, गचका बसतो, आडवी होते आणि वरून चोची. त्यापेक्षा डालग्याखाली, म्हणजे भोकाभोकांच्या बांबूच्या टोपलीखाली, झाकून ठेवायची पद्धत कितीतरी शहाणी. सगळ्या एकमेकींना बघतात, आवाज ऐकतात, पण चोच पोचत नाही. खाली जाळीचं सांगणार आहे ते या डालग्याचंच मोठं रूप समजा.

आता वय. लोक विचारतात किती आठवड्यांची झाली की सोडू, पण वय विचारू नका, आकार बघा. नवीन पक्षी जुन्या कोंबडीच्या निदान पाऊणपट तरी दिसला पाहिजे. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंगाने पटापट भरतात, गावरान पिल्लू सावकाश वाढतं, त्यामुळे एकाच वयाची दोन पिल्लं शेजारी ठेवली तर एक तलंग वाटते आणि एक अजून पोरच. ढोबळ सांगायचं तर १२ ते १६ आठवडे हा काळ चांगला. त्याआधी सोडलं तर पिल्लू मार सहन करू शकत नाही, आणि फार उशीर केला तर तिचं अंड्यावर यायचं वय आणि ही मारामारी एकाच वेळी येते, मग ती अंडी टोपलीत न घालता कुठेतरी झुडपात घालते आणि तुम्ही बसा शोधत. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत जो ५० टक्के अनुदानावर गट मिळतो, २५ माद्या आणि ३ नर, त्यातल्या तलंगा ८ ते १० आठवड्यांच्या असतात. म्हणजे त्या आल्या त्या दिवशी सोडायच्या नसतातच, पण पुढचे तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवल्या आणि मग आठ-दहा दिवस जाळीपलीकडे, की बरोबर तेरा-चौदा आठवड्यांच्या होतात. हिशोब आपोआप जुळतो.

एकच कोंबडी आणू नका. अगदी फुकट मिळत असली तरी नको. एकटी असली की सगळ्यांचं लक्ष तिच्यावर आणि दिवसभर तिच्यावरच. दोन-तीन असल्या की मार वाटला जातो आणि त्या एकमेकींच्या आधाराने राहतात. आणि कळपात सगळ्या तांबड्या असताना एकच पांढरीशुभ्र किंवा उघड्या मानेची आणली तर ती जास्त डोळ्यावर येते, तेव्हा अशा निदान दोन तरी आणा. जत्रेत ती हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं मिळतात ती आणू नका हे वेगळं सांगायला नको, ते बहुतेक लेअर म्हणजे अंड्यांच्या जातीच्या हॅचरीतले नको असलेले नर असतात, पोरांच्या हट्टापायी घरी येतात आणि ज्यातली जगतात ती मोठी होऊन कोंबडेच निघतात.

आणल्यावर वेगळं ठेवणं, हे बहुतेक जण टाळतात आणि इथेच खरं नुकसान होतं. चोचीने मेलेली कोंबडी दिसते म्हणून तिची चर्चा होते, रोगाने अख्खं खुराडं रिकामं होतं ते "काहीतरी साथ आली" म्हणून सोडून देतात. मानमोडी म्हणजे राणीखेत, सर्दी-घरघर, देवी, रक्ती हगवण, उवा, जंत, यातलं काहीही बाजारातल्या पिंजऱ्यातून तुमच्या दारात येऊ शकतं, आणि उलटंही होतं, तुमच्या जुन्या धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांच्या अंगात रोग मुरलेला असतो आणि नवीन पिल्लांना तो झेपत नाही. सर्दीतून बरी झालेली कोंबडी वर्षानुवर्षं रोग बाळगून असू शकते, दिसायला एकदम ठणठणीत. म्हणून तीन आठवडे, जमलं तर पूर्ण महिना, नवीन पक्षी घराच्या दुसऱ्या बाजूला. गोठ्याचा कोपरा, जुनी न्हाणी, गच्चीवरची खोली, काहीही चालेल, फक्त एकाच छपराखाली मध्ये एक पडदा लावून याला वेगळं ठेवणं म्हणू नका. भांडी वेगळी. दाणा-पाणी आधी जुन्यांना आणि मग नवीनांना, उलट क्रमाने नाही, आणि नवीनांकडे जाताना चप्पल वेगळी. एक जुनी रबरी स्लीपर तिथेच दाराशी ठेवून द्या, विषय संपला.

या दिवसांत बघायचं काय, तर शी कशी आहे, श्वास घेताना आवाज येतो का, डोळ्याला फेस आहे का, पंखाखाली आणि शेपटीखाली बुडाशी पिसं बाजूला करून उवा किंवा पिसांच्या मुळाशी चिकटलेली पांढरी अंडी दिसतात का. पायावरचे खवले वर उचललेले, खरबरीत दिसत असतील तर तीही एक प्रकारची किडच असते. रक्ती हगवण दिसली, पिल्लं पिसं फुलवून एकमेकांना चिकटून बसली तर डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम पाण्यातून द्यावं लागतं आणि ते त्याच दिवशी, "उद्या बघू" म्हटलं की उद्यापर्यंत दोन-तीन जातात. जंताचं औषध द्यायचं तर दोन्हीकडे एकाच वेळी द्या.

लसीचं विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. साधारण पहिल्या आठवड्यात लासोटा या राणीखेतच्या लसीचे डोळ्यात-नाकात थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, मग लासोटाचा बूस्टर, आणि सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान देवीची आणि राणीखेतची आर-टू-बी असं चालतं. आर-टू-बी टोचल्यावर पक्षी काही दिवस मलूल होतो, त्या आठवड्यात त्याला मोठ्यांच्या तोंडी देऊ नका. आणि जुन्या गावरान कोंबड्यांना कधी लस दिलेलीच नसते हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा नवीन आणायचं ठरलं की त्यांचंही करून घ्या. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, तुमच्या दहा कोंबड्यांसाठी फोडणं जिवावर येतं, म्हणून आळीतल्या चार घरांनी मिळून एकाच सकाळी करा. बर्फात आणायची आणि एकदा कालवली की तास-दोन तासात संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरण्यात काही अर्थ नाही. आणि हो, अचानक बरेच पक्षी मेले तर ते ओढ्यात फेकू नका आणि खाऊही नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्या नंदुरबारच्या नवापूरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात परत. लांबच्या गोष्टी नाहीत या.

हे झालं की जाळी. खुराड्याच्या बाहेर जी मोकळी जागा आहे तिथेच एका बाजूला आडवी जाळी मारून नवीनांची खोली करा. वेल्डमेश म्हणजे चौकोनी भोकांची वेल्ड केलेली जाळी घ्या, अर्धा किंवा पाऊण इंची, ती षटकोनी भोकांची पातळ कोंबडी जाळी मुंगूस फाडतं आणि मोठ्या भोकातून मान घालून चोचही मारता येते. नवीनांना रात्री झोपायलाही त्याच बाजूला आडोसा पाहिजे, वर पत्रा, खाली तूस, एक बांबूची दांडी. वर उघडं ठेवू नका, घार-शिकरा आहेच पण बोका जास्त वाईट. असं आठ-दहा दिवस, जुन्या जास्तच तापट असतील तर पंधरा.

पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या जाळीवर धावून जातात, मानेची पिसं फुलवतात, जाळीला धडका देतात, द्या म्हणावं. मग हळूहळू कंटाळतात. याच वेळी दाण्याची भांडी कामाला लावायची. सुरुवातीला दोघींची भांडी जाळीपासून लांब, मग रोज हात-हातभर जवळ आणत जायची, शेवटी जाळीच्या अलीकडे-पलीकडे एकमेकींसमोर. त्या समोरासमोर मान खाली घालून खायला लागल्या आणि कुणी वर बघेना, की समजा अर्धं काम झालं. या दिवसांत खुर्ची टाकून थोडा वेळ बसून बघा, खरी दादागिरी करणारी कोण हे तेव्हाच कळतं. बहुतेक वेळा ती सगळ्यात वरची नसते. वरचीला काही सिद्ध करायचं नसतं, ती एकदा बघते आणि आपल्या कामाला लागते. मधल्या आणि खालच्या असतात त्यांच्या जिवाला घोर, कारण खाली ढकललं जाण्याची भीती त्यांनाच. आमच्याकडे पाटलीण म्हणून एक काळी कोंबडी आहे, ती नवीनांकडे ढुंकून बघत नाही, पण तिच्या मागे मागे फिरणारी जी लंगडी तांबडी आहे ती जाळीपासून हलत नाही दिवसभर.

आता खाद्याचा एक घोळ आहे तो नीट समजून घ्या. लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर घातलेलं असतं, साडेतीन ते चार टक्के. ग्रोअरमध्ये, म्हणजे वाढत्या पक्ष्यांच्या खाद्यात, ते साधारण एक टक्का. अंड्यावर न आलेल्या तलंगेने महिनोन्महिने लेअर खाल्लं तर तिची मूत्रपिंडं बिघडतात. आता एकत्र सोडल्यावर तू याच भांड्यात खा आणि तू त्याच असं सांगता येत नाही. म्हणून सरळ उपाय, सगळ्यांनाच ग्रोअर द्या, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला अंडं घालायचंय ती बरोबर जाऊन खाते, बाकीच्या ढुंकत नाहीत. तलंगा अंड्यावर आल्या की मग सगळ्यांना लेअर. नुसती कणी, कोंडा आणि घरातलं उरलंसुरलं यावर ठेवत असाल तर हा प्रश्न फारसा येत नाही, पण मग तलंगांची वाढ पण तशीच होते, तिला प्रोटीन पाहिजे असतं, निदान थोडी शेंगदाण्याची पेंड तरी घाला.

एकत्र सोडायची पहिली वेळ संध्याकाळची ठेवा, अंधार पडायच्या तासभर आधी. खुराड्यात नाही, बाहेर मोकळ्या परसात, जिथे जुन्यांची "ही माझी जागा" अशी भावना कमी असते. सगळ्यांना त्या वेळी भूक पण असते आणि दांडीवर जायची घाई पण, त्यामुळे मारामारीला वेळ कमी. दाणे मूठभर एका जागी टाकू नका, लांबवर भिरकावून विखरून टाका, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी टिपत बसते. कोबीचा गड्डा दोरीने टांगून ठेवा, मेथीच्या काड्या, पालकाचे देठ, पपईची सालं, जे असेल ते दोन-तीन ठिकाणी. हाताला काम तसं चोचीला काम.

आणि आडोसे. याच्यावर मी जास्त जोर देतो कारण लोक इथे कंजुषी करतात. नुसतं रिकामं अंगण असेल तर हरलेली कोंबडी कुठेही गेली तरी समोर दिसतेच, आणि दिसली की परत पाठलाग. नजरेआड होता आलं पाहिजे. भिंतीला तिरका टेकवलेला पत्र्याचा तुकडा, दोन विटांवर ठेवलेली फळी, भाजीचा क्रेट, भाताच्या पेंढ्याची गंजी, जुना दरवाजा, काहीही. फक्त प्रत्येक आडोशाला दोन तोंडं पाहिजेत. एकच तोंड असेल तर तो आडोसा राहात नाही, सापळा होतो, आत घुसलेलीला बाहेरची तिथेच गाठून सोलते. पिल्लं लहान असतील तर फळीला चार-पाच इंचाचं भोक पाडून आत त्यांचं खाद्य ठेवा, पिल्लू आत जातं, मोठी अडकते. दाण्या-पाण्याची भांडी निदान दोन-दोन, शक्यतो तीन, आणि अशी ठेवा की एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसणार नाही. एक दादागिरी करणारी एकाच वेळी दोन कोपरे सांभाळू शकत नाही.

जागेचंही बोलायला हवं. आत खुराड्यात एका पक्ष्यामागे चार चौरस फूट, बाहेर आठ-दहा, आणि दांडीवर आठ ते दहा इंच. आधीच दाटी असेल तर कितीही हळू सोडा, भांडण मिटत नाही, तेव्हा आधी खुराडं वाढवा किंवा दोन म्हाताऱ्या कोंबड्या कमी करा, मग नवीन आणा.

पहिल्या दिवशी तासभर, मग जमेल तसं रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं, रात्री मात्र परत आपापल्या बाजूला. चार-पाच दिवस हे शांततेत झालं की मग रात्रीचं स्थलांतर. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, तेव्हा पूर्ण काळोख झाल्यावर, सगळ्या दांडीवर गपगार बसल्या की नवीनांना एकेक उचलून आणायचं, दोन्ही पंखांवरून हात धरून, छातीशी, म्हणजे फडफडत नाही. टॉर्चवर लाल कापड बांधा. दांडीच्या टोकाला ठेवा, पाय दांडीवर टेकवले की ती आपोआप पकड घेते, मग हळूच हात काढा. मध्येच दोन जुन्यांच्या बेचक्यात नको, कारण दांडीवरची जागा म्हणजे यष्टीत रुमाल टाकून धरलेली सीट, त्यावरून जे होतं ते तिथेही होतं. खालची आणि वरची अशा दोन उंचीच्या दांड्या असल्या तर सगळ्या जुन्या वरच्या दांडीला मरतात, खालची आपोआप रिकामी राहते, नवीनांना तीच द्या.

कुणी सांगतात रात्री ठेवलं की सकाळी कोंबड्यांना कळतच नाही नवीन कोण. कळतं. सगळं कळतं. रात्री ठेवण्याचा फायदा एवढाच की झोपेच्या वेळी मारामारी होत नाही आणि सगळ्यांना एकमेकींच्या अंगाच्या उबेत रात्र काढावी लागते. खरी परीक्षा पहाटेची, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही खुराड्याच्या दाराशी पाहिजे, दार उघडायला उशीर झाला तर बंद जागेत सगळा हिशोब तिथेच चुकता होतो. रात्री अंडी घालायच्या टोपल्यांवर फळी आडवी ठेवा, घाबरलेल्या तलंगा तिथे झोपायला लागतात, टोपली घाण करतात आणि ती सवय सुटता सुटत नाही. सकाळी फळी काढायला विसरू नका, जुन्यांना अंडी घालायची असतात.

आता कुठपर्यंत बघत बसायचं आणि कधी मध्ये पडायचं. नेहमीचं भांडण दिसतं असं. जुनी कोंबडी खाता खाता थांबते, मान वर करते, एक डोळा नवीनवर रोखते, मग एक पंख थोडा खाली सोडून तिरकी तिरकी दोन पावलं टाकते. नवीन जर शहाणी असेल तर मान खाली घालून अंग चोरते किंवा बाजूला होते, डोक्याच्या मागे एक टोला बसतो, टक् असा आवाज येतो, आणि जुनी परत खायला लागते. संपलं, दोन सेकंदांचा खेळ. कधी दोघी समोरासमोर छाती काढून उड्या मारतात, पाय मारतात, थोडी पिसं उडतात, तेही चालतं. पाठलाग चालतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा झालं तरी चालतं.

न चालणारं कुठलं, तर एकीला कोपऱ्यात दाबून दोघी-तिघी मिळून मारतायत, ती खाली बसली तरी थांबत नाहीत, पाठीवर चढून तुऱ्याला धरून ओढतायत, आणि रक्त. रक्त दिसलं की एक मिनिट थांबायचं नाही, त्या पक्ष्याला लगेच उचलायचं, कारण कोंबडीला लाल रंग दिसला की ती तिथेच चोच मारत राहते आणि मग जी कधी भांडत नाही तीसुद्धा सामील होते. जखम धुऊन हळद लावा किंवा जेन्शन व्हायलेट, त्या जांभळ्या रंगाने लाल झाकला जातो हा दुसरा फायदा, आणि पूर्ण खपली धरेपर्यंत परत सोडू नका, जाळीपलीकडे ठेवा.

रोज संध्याकाळी दांडीवर बसल्या की नवीनांच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. भरलेली, लिंबाएवढी फुगीर लागली तर तिला खायला मिळतंय, मग दिवसा कितीही पळापळ दिसली तरी काळजी नको. रिकामी, सैल लागली तर भांडणं दिसत नसली तरी काहीतरी बिनसलंय, तिला कोणी भांड्याजवळ येऊ देत नाहीये. अशा वेळी अजून एक भांडं वाढवा, लांब.

एखादी जुनी फारच डोक्यावर बसली असेल तर लोक मार खाणारीला बाजूला काढतात, ते उलटं आहे. मारणारीला काढा. तीन-चार दिवस तिला नजरेआड ठेवा, गोठ्यात, शेजाऱ्याकडे, कुठेही. तेवढ्यात मागे रांग नव्याने लागते आणि परत आल्यावर तिला स्वतःचीच जागा शोधायची असते, त्यामुळे रुबाब कमी होतो. चोच कापणं वगैरे घरगुती कोंबड्यांना अजिबात करू नका, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला चोच लागते. आणि या सगळ्या काळात जुन्यांची अंडी थोडी कमी होतात, तो ताणाचा परिणाम, दोन-तीन आठवड्यात गाडी रुळावर येते, लगेच डॉक्टर आणि टॉनिक करत बसू नका.

उन्हाळ्यात मात्र हे काही करू नका. एप्रिल-मेमध्ये कोंबड्या आधीच तोंड उघडून धापा टाकत असतात, त्यात पळापळ केली तर एखादी उन्हानेच जाते, शिवाय मानमोडीही त्याच दिवसांत जोर करते. भर पावसातही नको, ओल्या तुसावर रक्ती हगवण पटकन पसरते आणि कोकणात तर जुलैमध्ये बाहेर सोडायला परस कोरडं मिळत नाही. दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात सोयीचा.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी हाताशी असेल तर वरचं निम्मं करायचीच गरज नाही. गावरान कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं, आणि ती पिल्लं ती स्वतः सगळ्यांत घेऊन फिरते, जवळ येणाऱ्या प्रत्येकीचा समाचार घेते. पिल्लं निघतील अशी अंडी नसतील आणि हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं मिळत असतील तर ती रात्री काळोखात तिच्या पोटाखाली सरकवायची, तिच्याखालची साधी अंडी एकेक काढत आणि पिल्लं एकेक घालत. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत, आठवड्याच्या पिल्लाला ती आपलं म्हणत नाही आणि पिल्लूही तिला आई म्हणत नाही. ती बसून निदान दोन आठवडे झालेले हवेत, कालच बसलेलीखाली पिल्लं दिली तर ती उठून निघून जाते. सकाळी ती पिल्लांना हळू आवाजात क्लुक क्लुक करून बोलावते का आणि दाणा चोचीने दाखवते का ते बघा, टोचत असेल तर काढून घ्या. मात्र पुढे दोन-अडीच महिन्यांनी ती पिल्लांना सोडून परत अंड्यावर येते, तेव्हा त्यांना थोडा मार पडतोच, त्या आठवड्यात भांडी वाढवा.

नवीन गटात नर किती आहेत तेही वेळेत बघा. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरे. समजूतदार मोठा कोंबडा कळपात असला तर उलट बरं पडतं, दोघी भांडायला लागल्या की तो मध्ये जाऊन उभा राहतो आणि नवीन माद्यांना दाणा दाखवून बोलावतो. पण नवीन तरणे कोंबडे आणि तो, हे नाही जमत. चार महिन्यांचे होऊन आरवायला लागले की खडाखडी सुरू, आणि ही भांडणं माद्यांसारखी दोन सेकंदांत संपत नाहीत, एक जण पडेपर्यंत चालतात. तेव्हा आरवायच्या आधीच ठरवा कोण राहणार, बाकीचे वेगळे ठेवा नाहीतर बाजार दाखवा. माद्यांचं पण एक सांगून ठेवतो, सगळं शांत झाल्यावर महिना-दीड महिन्याने तलंगांचे तुरे लाल व्हायला लागले, अंड्यावर आल्या की परत एक फेरी होते, आता त्या खालच्या राहायला तयार नसतात. ती आपोआप मिटते, फक्त तेवढ्यात आडोसे काढून टाकलेले नसावेत.

जाळी पण मोडून टाकू नका. उद्या एखादी जुनी कोंबडी आजारी पडून आठवडाभर घरात टोपलीखाली राहिली, तर परत आल्यावर ती कळपाला नवीनच, कालपर्यंत शेजारी झोपणाऱ्या तिला फोडून काढतात. तिलाही दोन-तीन दिवस जाळीपलीकडे ठेवूनच आत घ्यावं लागतं.